कच्चं मडकं कोण?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 13, श्लोक 7 (काही प्रतींत 8).

ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत पहिला शब्द उच्चारतात तो ‘अमानित्व’. म्हणजे मानाची हाव नसणं. अहिंसा, क्षमा, सरळपणा हे सगळं त्याच्या मागून येतं. मानालाच पहिला नंबर का, हे मला परवा मुरुडला कळलं.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलं गेलं. सगळं मिळून दहा सेकंदांचं वाक्य. पण मी ते तीन आठवडे उगाळत बसलो. माळ हातात, मन मीटिंगमध्ये! गावी आलो तरी तेच. आजीबरोबर माठ घ्यायला गेलो, तर ती एकेक माठ बोटानं वाजवून बघत होती. “हे बद्द वाजतंय बाळा, ठेव खाली.”

तेव्हा गोरोबाकाका आठवले. त्यांचं तेर आमच्या मुरुडहून ढोकीच्या वाटेनं जवळच. परंपरेत गोष्ट सांगतात, की संत जमले असताना मुक्ताईनं काकांना विचारलं, या मडक्यांत कच्चं कोणतं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसले. नामदेव तेवढे चिडले. काकांनी निर्णय दिला, हे मडकं कच्चं!

बघा, थापटणं सगळ्यांनाच बसलं होतं. मार सारखाच, दुःख मात्र एकट्याला. कारण नामदेवांच्या आत कुणीतरी म्हणत होतं, “मी विठ्ठलाचा लाडका, आणि मला मारता?” म्हणजे भक्तीसुद्धा ‘मी’चं सिंहासन होऊ शकते. रोजचा जप मोजणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जास्त जपायला हवं.

एक सांभाळा. हे चिंतन दुसऱ्याच्या दुःखावर लावू नका. आजीचे गुडघे दुखतात तो तिचा अहंकार नाही. पावसाअभावी सोयाबीन वाळलेल्या शेतकऱ्याला “मी सोड” म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा. अन्याय झाला तर बोलावंही. मीही श्रेयाबद्दल शांतपणे बोलणार आहे. प्रश्न फक्त त्या तीन आठवड्यांचा आहे. दहा सेकंद त्यांचे होते, तीन आठवडे माझे.

नामदेवांनी तो शब्द शेवटी मनावर घेतला. औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले. पुढे पंजाबपर्यंत गेले; गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत. आणि एवढं होऊनही त्यांनी जागा कुठली मागितली? पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. डोक्यावर एक थापटणं न सोसणारा माणूस पायरी झाला!

आजचा अभ्यास : कुणाचा शब्द लागला, की आधी विचारा, “यात दुखलं काय, आणि दुखावलं कोण?” दुखण्यावर उपाय करा. दुखावलेल्याला पांडुरंगाच्या पायरीवर ठेवा.

आमचा माठ तेवढा पक्का निघाला. माझं भाजणं अजून चालू आहे.

जय हरी विठ्ठल!