शेगडी आणि रक्तातला प्राणवायू

मागच्या थंडीत आमच्या आजीने कोळशाची शेगडी खोलीत घेतली नि दार लावलं. थोड्या वेळाने तिचं डोकं गरगरू लागलं. बाबांनी तिला उचलून ओट्यावर आणलं, तेव्हा कुठे बरं वाटलं. असं का झालं ते मी गुरुजींना विचारलं.

वर्गाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावली की वास आपोआप सगळीकडे जातो. वायू जिथे जास्त असतो तिथून कमी असतो तिकडे पसरतो. याला विसरण म्हणतात. फुप्फुसात प्राणवायू जास्त, म्हणून तो रक्तात शिरतो. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन त्याला धरून नेते. स्नायूंच्या पेशी प्राणवायू सारखा वापरतात, तिथे तो कमी पडतो. म्हणून केशवाहिन्यांच्या पातळ भिंतीतून तो तिकडे उतरतो. कार्बन डायऑक्साइड उलट वाटेने रक्तात येतो.

बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो नि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास! तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागा उरत नाही, नि जो असतो तोही पेशींसाठी सहज सुटत नाही.

हे मी आजीला सांगितलं. आता शेगडी ओट्यावरच असते, नि आजी घोंगडी पांघरून तिच्याजवळ बसते.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी