गटाच्या सतरंजीवरचे चिकट डाग : आधी ओळखा, मग हात लावा

मैत्रिणींनो, संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की गटाच्या सतरंजीकडे बघवत नाही. कुठे गुळाचा पाक, कुठे मेण, कुठे पोरांनी चिकटवलेलं च्युइंगम! मग एखादी ताई कढत पाणी ओतून ब्रशने खराखरा घासते आणि डाग आणखी आत जातो. सतरंजी बचतीच्या पैशातून आलेली असते. काही गट ती लग्नकार्याला भाड्यानेही देतात. डागाळलेली सतरंजी कोण नेणार?

म्हणून डाग कशाचा आहे, हे आधी ओळखा. चमच्याच्या कडेने वरचा थर अलगद काढा. मग असं करा :

१) गूळ, पाक, सरबत, मोहफुलं : साखर पाण्यात विरघळते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ५ मिनिटं ठेवा आणि दाबून टिपा. दोन-तीनदा करा.

२) दूध, खीर, अंडं : फक्त थंड पाणी. गरम पाण्याने यातलं प्रथिन घट्ट होऊन धाग्याला धरून बसतं.

३) च्युइंगम, मेण : बर्फ पिशवीत घालून १० मिनिटं वर ठेवा. कडक झालं की उचकटा. मेण उरलं, तर वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण शोषतो. हे सुती सतरंजीवरच करा. प्लास्टिकच्या धाग्याची असेल तर वितळेल.

४) डांबर, वंगण, चिकटपट्टीचा गोंद : थोडं खोबरेल तेल लावून सैल करा, पुसा. मग भांड्याच्या साबणाचा फेस लावा आणि स्वच्छ पाण्याने काढा.

हे विसरू नका :

• डाग बाहेरून आत पुसा, म्हणजे पसरत नाही.
• कोणताही उपाय आधी कोपऱ्यावर करून पाहा.
• चुलीजवळ रॉकेल वापरू नका. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.
• आंधळगाव-मोहाडीकडच्या कोशाच्या कापडाला सोडा लावू नका. रेशमाचा धागा खराब होतो.
• सतरंजी दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवा. ओली घडी घातली की बुरशी आलीच.

आता शेवटची गोष्ट. धुण्याचं काम बहुतेक वेळा एकाच बाईच्या वाट्याला येतं, आणि त्या दिवशी तिची मजुरी बुडते. हे बरोबर नाही. पुढच्या बैठकीत पाळी ठरवा आणि ठराव वहीत लिहा. भाड्याने दिलेली सतरंजी परत आली की घडी उलगडून दोघींनी बघायची, मगच अनामत परत द्यायची. डाग ताजा असतानाच दिसला, तर निम्मं काम झालं समजा.