चेतापेशींचा संवाद आणि जागच्या जागी घडणारी प्रथिने

मेंदूतील दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी संवाद साधतात, त्या जागेला सायनॅप्स किंवा चेतासंधी म्हणतात. तेथे अतिसूक्ष्म फट असते. अलीकडची पेशी संदेशद्रव्य सोडते आणि पलीकडचे ग्राही रेणू ते टिपतात. सोडणे आणि टिपणे ही दोन्ही कामे प्रथिनांची.

त्यांतले एखादे प्रथिन बिघडले तर? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करणारे ओबेद सिद्दिकी यांनी सिमूर बेंझर यांच्यासह १९७६ साली काही फळमाशांचे वर्णन केले. तापमान वाढले की या माशा लुळ्या पडत आणि थंडाव्यात पुन्हा सावरत. त्यांपैकी ‘कोमॅटोस’ जातीचा दोष संदेशद्रव्य सोडण्यास लागणाऱ्या एका प्रथिनात असल्याचे पुढे सिद्ध झाले.

प्रथिने झिजतात, म्हणून ती सतत नवी घडवावी लागतात. पण एकेका पेशीवर हजारो चेतासंधी असतात. त्यांतील नेमक्या एकीला बळकटी हवी असेल, तर पेशीच्या मध्यावरून माल पाठवून कसे भागेल?

सुरतेच्या विणकामातील जेकार्ड माग आठवा. नक्षीचे भोके पाडलेले पत्ते मागावर चढवले की कापड तिथेच विणले जाते. चेतापेशीचे केंद्रकही संदेशवाहक आर.एन.ए.च्या रूपाने असे पत्ते दूरच्या शाखांकडे धाडते. माग म्हणजे रायबोसोम. चेतासंधींच्या पायथ्याशी रायबोसोमांचे पुंजके असल्याचे स्टुअर्ड आणि लेव्ही यांनी १९८२ साली दाखवले. १९९६ साली कांग आणि शुमन यांनी उंदराच्या मेंदूच्या चकतीत पेशींचे मुख्य भाग छेद देऊन शाखांपासून वेगळे केले. तरीही वाढघटकाच्या प्रभावाने चेतासंधी बळकट झाल्या. प्रथिननिर्मिती रोखताच मात्र झाल्या नाहीत. अर्थात माल जागेवरच तयार होत होता.

परंतु माग अखंड चालणेही घातक असते. एफ.एम.आर.पी. नावाचे प्रथिन या निर्मितीला लगाम घालते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून ते १९९१ साली सापडले. या जनुकातील सी-जी-जी ही त्रिअक्षरी दोनशेहून अधिक वेळा आली, तर ते मुके होते. लगाम सुटतो, प्रथिने अवेळी तयार होतात आणि चेतासंधींचे नियमन बिघडते. या विकाराला फ्रॅजाइल एक्स म्हणतात. मुलग्यांमध्ये तो अधिक तीव्र असतो आणि त्यांना शिकणे कठीण जाते. हा लगाम परत आणणारे औषध अजून नाही; मात्र रक्ततपासणीने निदान होते आणि कुटुंबाला योग्य सल्ला देता येतो.

आपल्यापैकी अनेकजण पुढे शिक्षक होतील. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आळशी किंवा ‘ढ’ ठरवण्यापूर्वी, त्याच्या चेतासंधींत एखादा लगाम तर सुटला नसेल ना, हा विचार त्यांनी अवश्य करावा.