मोटारीचे अंतरंग : छत, दूध आणि पट्टा

घरगुती मोटार आतून साफ करून देण्याचे काम आता कुशनवाले आणि गॅरेजवाले बंधूही घेऊ लागले आहेत. सीट, दरवाजे, पायपुसणी यांत विशेष अवघड काही नाही. कारागीर फसतो तो छताच्या अस्तरात, म्हणून आज मुख्यतः त्याचाच पाठ.

हे अस्तर म्हणजे नुसते कापड नव्हे. बहुतेक गाड्यांत दाबून बनविलेल्या तक्त्यावर फोमचा पातळ थर आणि त्यावर कापड अशी त्याची बांधणी असते. सीटप्रमाणे त्यावर शाम्पूचे पाणी मारून ब्रश घासला की पाणी फोममध्ये शिरते, पकड सुटते व कापडाला पोट येते. ऊन आणि दमट हवा यांमुळे जुन्या गाडीतला फोम आधीच भुगा होत आलेला असतो. वाफेचे यंत्र एकाच जागी धरले तर उरलीसुरली पकडही जाते.

माझ्या ओळखीच्या एका कारागिराने छतावरचा चहाचा डाग असाच घासून काढला. डाग गेला, पण चार दिवसांनी कापड गिऱ्हाइकाच्या डोक्याला लागू लागले. मजुरी तर बुडालीच, नवे अस्तरही पदरमोड करून घालून द्यावे लागले.

तेव्हा आधी तळहाताने हलके दाबून पाहा. कापड सरकले किंवा कडेला भुकटी दिसली, तर ते गिऱ्हाइकाला तिथेच दाखवा आणि धुण्याचे काम घेऊ नका. अस्तर घट्ट असेल तर प्रथम कोरडी धूळ काढा. मग सौम्य साबण पाण्यात घुसळून फक्त वरचा फेस मऊ फडक्यावर घ्या. सन-व्हायझरमागे झाकलेल्या जागी रंग उतरतो का ते पाहा. नुसता डाग पुसला तर भोवती कडे उमटते, म्हणून हलक्या हाताने पूर्ण छत पुसावे. शेवटी घट्ट पिळलेले पांढरे फडके फिरवून, दारे उघडी ठेवून गाडी सावलीत वाळवावी.

लोंबलेल्या कापडात सुईने डिंक भरणारे आहेत. भुगा झालेल्या फोमवर डिंक टिकणार कसा? तक्ता उतरवून, जुना फोम पूर्ण खरवडून, फोम लावलेले नवे कापड उष्णता सोसणाऱ्या गोंदाने चिकटवणे हाच खरा इलाज. मात्र काही गाड्यांत छताच्या कडेने एअरबॅग असतात. तिथे माहीतगाराशिवाय तक्त्याला हात लावू नये.

दुसरा त्रास मुलांच्या सांडलेल्या दुधाचा. गरम पाण्याने दुधातील प्रथिने धाग्यात बसतात, म्हणून पाणी थंडच घ्यावे. वास गालिच्यात कमी, त्याखालच्या नमद्यात जास्त असतो. गालिचा उचलून नमदा धुवून पूर्ण वाळविल्याशिवाय बसवू नका, नाहीतर आठवड्यात गाडी परत येते. सीटखालच्या पिवळ्या तारा एअरबॅगच्या किंवा पट्ट्याच्या असू शकतात, त्या ओढू नयेत.

सीटबेल्टला ब्लीच कधीही लावू नका, धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. पट्टा पूर्ण ओढून चिमट्याने अडवावा, साबणपाण्याने पुसावा आणि कोरडा झाल्यावरच आत सोडावा.