इमारतींच्या आराखड्यावरून गरम पाण्याची मागणी कशी काढायची? (पायथन, भाग २)

युरोपात 'उष्णतेच्या मागणीचा नकाशा' म्हणजे मुख्यतः घर उबदार ठेवायला किती ऊर्जा लागेल त्याचा नकाशा. आपल्या वसई-विरारला त्याची गरज नाही. पण आंघोळीचं गरम पाणी रोज लागतं. तुम्ही सोलर वॉटर हीटर बसवण्याचा धंदा करत असाल, तर नंदाखालमध्ये कोणत्या गल्लीत आधी जायचं, हे याच पद्धतीने ठरवता येतं. कोड व्हिडिओत ओळीओळीने चालवलाय, इथे त्यामागचा हिशोब बघू.

१. डेटा. गूगल ओपन बिल्डिंग्ज ही मोफत फाइल घ्या. त्यात प्रत्येक इमारतीचा अक्षांश-रेखांश, क्षेत्रफळ, बाह्यरेषा आणि विश्वासाचा आकडा असतो. फाइल मोठी असते, म्हणून पांडाजने तुकड्यातुकड्यात वाचा आणि नंदाखालच्या चौकटीतल्याच ओळी ठेवा.

२. सफाई. विश्वास ०.७५ पेक्षा कमी किंवा क्षेत्रफळ २५ चौ.मी. पेक्षा कमी असेल, तर ओळ काढा. नाहीतर पंपघर, गोठासुद्धा 'घर' म्हणून मोजले जातात. मग जिओपांडाजमध्ये नकाशा ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदला. अंशांमध्ये असताना काढलेलं क्षेत्रफळ मीटरमध्ये येत नाही.

३. मजले. इथेच खरी मेहनत आहे. वरून घेतलेल्या आराखड्याला मजले कळत नाहीत. २०० चौ.मी. पेक्षा मोठ्या इमारतींची यादी काढा, गाडी घेऊन फिरा आणि मजल्यांचा रकाना हाताने भरा.

४. मागणी. सूत्र सोपं आहे: लिटर × तापमानवाढ × ४.१८६ ÷ ३६०० = युनिट. माणशी २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायचं, असं धरू.

- वाडीतलं सुटं घर, ५ माणसं: १२५ लिटर, रोज साधारण ४.४ युनिट.
- ३०० चौ.मी. ची चार मजली इमारत, २० फ्लॅट, प्रत्येकी ४ माणसं: २००० लिटर, रोज साधारण ७० युनिट.

५. चौकटी. १०० मीटरच्या चौकटी पाडा. प्रत्येक इमारत तिच्या मध्यबिंदूवरून एकाच चौकटीत टाका, म्हणजे सीमेवरची इमारत दोनदा मोजली जात नाही. मग बेरीज करून रंग भरा.

आता धंद्याची गोष्ट. गडद चौकट दिसली की लगेच तिकडे धावू नका! १०० लिटरला साधारण २ चौ.मी. कलेक्टर लागतो. म्हणजे इमारतीला ४० चौ.मी., घराला अडीच. जागा दोन्हीकडे असू शकते. पण इमारतीत सोसायटीची मंजुरी लागते, तर सुट्या घरात मालक एकच. भांडवल कमी असेल तर महिनोन्‌महिने अडकून पडणं परवडत नाही. म्हणून 'एकूण मागणी'सोबत 'सुट्या घरांची संख्या' हा दुसरा नकाशाही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

एक सावधगिरी: नारळाची सावली आणि कौलारू छप्पर या फाइलमध्ये कळत नाही. चिकटून असलेली दोन घरं कधी एकच दिसतात.

गृहपाठ: तुमच्या गावातली कुठलीही २० घरं निवडा आणि नकाशातलं प्रत्यक्ष जाऊन तपासा. किती जुळली, ते लिहून ठेवा. चारपेक्षा जास्त चुकली, तर पत्रकं छापायच्या आधी सफाईचे आकडे बदला.