आधी लेन्स, मग बॉडी

हेदवी-गुहागर पट्ट्यात फोटोग्राफीत उतरू पाहणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न बॉडीचा असतो. कुठल्या कंपनीची घ्यावी, किती मेगापिक्सेलची, फुल-फ्रेमच हवी का? माझं स्पष्ट मत असं की माणसांचे फोटो आणि लग्नकार्यं करायची असतील तर जमवलेल्या पैशातला मोठा वाटा मोठ्या अपर्चरच्या लेन्सला द्यावा, त्यातून उरलं तर फ्लॅश घ्यावा आणि बॉडी जुनी चालवून घ्यावी. नव्या बॉडीसाठी हप्ता काढून तिच्यासोबत आलेल्या किट लेन्सवर ऑर्डरी घेणं हा धंद्याच्या सुरुवातीलाच पत्करलेला तोटा आहे.

याचं कारण आपल्याकडच्या उजेडात आहे. कौलारू घराच्या माजघरात भर दुपारीही अंधारून आलेलं असतं. गोरज मुहूर्ताला अंतरपाट धरतात तेव्हा दिवस मावळत असतो, शिमग्याची पालखी रात्री नाचते आणि आरतीला समईचा उजेड तेवढा चेहऱ्यांवर असतो. आता हिशेब मांडून बघा. नेहमीची 18-55 किट लेन्स 55 मिमीवर एफ/5.6 पर्यंतच उघडते. तिथे 50 मिमी एफ/1.8 लावली तर साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. म्हणजे ज्या माजघरात किट लेन्सला आयएसओ 6400 लागतो, तिथे त्याच शटर स्पीडला 650 च्या आसपास भागतं, आणि नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके येत नाहीत. उलट लेन्स तीच एफ/5.6 ची ठेवून एपीएस-सी सोडून फुल-फ्रेमवर गेलात तर सेन्सरचं क्षेत्रफळ अडीच पटीच्या आसपासच होतं. फुल-फ्रेमचा फायदा खोटा नाही, पण किट लेन्स लावलेली फुल-फ्रेम बॉडी या उजेडात एफ/1.8 लावलेल्या साध्या बॉडीच्या मागेच राहते.

यावर कुणी म्हणेल, फ्लॅश आहे की! फ्लॅश हवाच; पण छतावर मारून परतवायचा जो धडा सगळीकडे शिकवला जातो, त्यात पांढरं, बुटकं छत गृहीत धरलेलं असतं. इथे वर कौलं, काळपट वासे नाहीतर लाकडी माळा. ते उजेड गिळून टाकतात. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर परतलेला उजेड तोच रंग घेऊन चेहऱ्यावर उतरतो. म्हणून फ्लॅश स्टँडवर, पांढऱ्या छत्रीतून वापरायला शिकावं आणि फोटो रॉमध्ये काढावेत, म्हणजे रंग नंतर सावरता येतो. एलईडी माळांच्या उजेडात शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलेला बरा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने बऱ्याच दिव्यांचं लुकलुकणं त्या वेगाला पट्टे उमटवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लग्नाच्या गर्दीत एका मापाची लेन्स घेऊन मागेपुढे सरकायला जागा नसते, आणि एफ/1.8 वर स्पष्टतेची खोली फार कमी मिळते. दोन्ही खरं आहे. एपीएस-सी बॉडीवर 50 मिमी लेन्सने दीड मीटरवरून फोटो घेतला तर साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरच धारदार येतात. वधू-वर एका रेषेत नसले तर एकाचा चेहरा धूसर होणारच. तेव्हा कार्यासाठी सिग्मा किंवा टॅमरॉनची 17-50 एफ/2.8 घ्यावी, 55 मिमीवरच्या किट लेन्सपेक्षा ती चौपट उजेड देते. एकट्या माणसाच्या फोटोला 50, आणि अरुंद खोलीत 35 मिमी.

नव्या बॉडीचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस कामाचा आहे, हे मी नाकारत नाही. पालखी नाचत असताना तो खरोखर हात देतो. पण उत्तम व्यक्तिचित्रं त्याच्यावर अडून नव्हती. गौतम राजाध्यक्ष (1950-2011) यांनी फिल्मच्या काळात टिपलेले चेहरे आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत, ते उजेडाच्या जाणिवेमुळे. शिवाय नवं ते प्रत्येक बाबतीत सरसच असतं असं नाही. 2015 च्या निकॉन डी7200 ला कार्डाच्या दोन खाचा आहेत, 2017 च्या डी7500 ला एकच. अंतरपाट एकदाच दूर होतो, आणि कार्ड बिघडलं तर तो क्षण कुणी परत देत नाही. म्हणून बॉडीकडून माझी अट एकच: दोन खाचा, दोन्हीकडे फोटो एकाच वेळी साठवणाऱ्या. अजून एक सावधगिरी सांगतो. निकॉनच्या डी3000 आणि डी5000 मालिकांमधल्या बॉडींत फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळते म्हणून जुनी 50 मिमी एफ/1.8डी घ्याल, तर तिथे फोकस हाताने फिरवत बसावं लागेल.

जुनं घेताना शटर काउंट बघावा. डी7200 चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. एका लग्नात दोन हजार क्लिक धरले तर 50 हजार झालेल्या बॉडीत साधारण 50 लग्नं उरतात. लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत पांढुरके बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. कोकणच्या पावसात बुरशी फार लवकर धरते, त्यामुळे आपलं सामान सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यातच राहायला हवं. हेदवीच्या बामणघळीवर जोडप्यांचे फोटो काढणाऱ्यांनी तर जास्तच जपावं: भरतीला घळीतून उसळणाऱ्या पाण्याचे खारे तुषार बॉडीवर बसतात, ते ओलसर फडक्याने त्याच दिवशी पुसले नाहीत तर बटणं आणि जोड गंजतात. दुरुस्तीला मोठं शहर गाठावं लागतं, तोवर हातातली तारीख निघून जाते.

राहिला हप्त्यांचा प्रश्न. गिऱ्हाईक मोठा कॅमेरा बघून ऑर्डर देतं, असं म्हणतात. पहिली ऑर्डर कदाचित देत असेल, पण त्याच घरातली पुढची ऑर्डर छापील करिझ्मा अल्बम बघून मिळते. आपला हंगाम तुळशीच्या लग्नापासून पावसाच्या तोंडापर्यंत, त्यातही चाकरमानी गावी येतात तो मे महिना खरा. आषाढापासून पुढे मुहूर्त बहुतेक थांबतात. गणपती सोडले तर हाताला काम कमी, आणि बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू.

तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी एवढं करा. जी बॉडी आणि लेन्स घ्यायची आहे ती कुणाकडून तरी संध्याकाळपुरती मागून घ्या, घरातल्या माणसाला माजघराच्या दाराशी बसवा, फ्लॅश न लावता फोटो काढा आणि त्यातला एक बारा इंची कागदावर छापून बघा. तो छापील फोटो समाधानकारक वाटला तरच पैसे मोजा.