जुना कोड नव्या आवृत्तीत का अडतो?

प्रश्न : जुन्या पुस्तकातला पायथन कोड पहिल्याच ओळीवर अडतो, ‘क्रॉस व्हॅलिडेशन’ नावाचे मॉड्यूल नाही, अशी एरर येते. चालती नावे का मोडतात?
– एक विद्यार्थी, कुरुंदा (जि. हिंगोली)

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे, तरी हा बदल मला योग्यच वाटतो. हे मॉड्यूल ज्या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत होते, त्या सायकिट-लर्नने 2016 साली 0.18 आवृत्तीत ‘मॉडेल सिलेक्शन’ हे मॉड्यूल आणले, जुन्या मॉड्यूलवर ते जाणार असल्याचा इशारा लावला आणि 2018 साली 0.20 मध्ये ते काढले. मुदत दोन वर्षांची मिळाली. शिवाय बदल नुसत्या नावाचा नव्हता. पूर्वी विदेचे भाग पाडणाऱ्या ‘के-फोल्ड’ला नमुन्यांची संख्या आधीच द्यावी लागे, आता किती भाग करायचे एवढेच सांगायचे आणि विदा नंतर पुरवायची. जुने नाव राखले असते, तर एकाच कामाच्या दोन रीती कायम सांभाळाव्या लागल्या असत्या, आणि त्याही बऱ्याच अंशी स्वयंसेवकांना.

थेट नवी आवृत्ती घेणाऱ्याला तो इशारा दिसतच नाही, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हणून पुस्तक लिहिणाऱ्याने आवृत्तीचा आकडा छापलाच पाहिजे. तरीही इम्पोर्टवर थांबलेला कोड परवडतो; गुपचूप चुकीचे उत्तर देणारा नाही. ‘ट्रेन टेस्ट स्प्लिट’साठी फक्त मॉड्यूलचे नाव बदला, ‘के-फोल्ड’ असेल तर पुढच्या ओळीही. आणि स्वतःच्या प्रकल्पात वापरलेल्या आवृत्त्या ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये आजच लिहून ठेवा.